एका घडीत टप

चार मिनिटांचं काम दोन मिनिटांत कसं करायचं? शरयूच्या डोक्यात आठ दिवस हेच चाललं होतं. हात भराभर चालवून भागत नव्हतं. ते तिने करून पाहिलं होतं आणि अंगठा चेमटवून घेतला होता.

काम होतं रोपगाडीचा टप, म्हणजे वरचं दुमडतं छप्पर, लावायचं. रोपगाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी, मागे उघडा हौदा असलेली चारचाकी. हौद्यात आंब्याची छत्तीस कलमं उभी होती. ती शरयूच्या आजीने गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या हाताने बांधली होती. आजी दिवाळीत गेली. ज्या शेंदऱ्या आंब्याच्या काड्या तिने घेतल्या होत्या, ते झाड त्याआधीच वीज पडून जळालं होतं. म्हणजे ही छत्तीस कलमं गेली, की तो आंबाच संपला. पुन्हा करायला झाड नव्हतं आणि करणारीही नव्हती.

कलमांची मुळं आता पिशवीत गोल गोल फिरू लागली होती. विहिरीला पाणी असलेल्या बारा गावांत ती फाल्गुनातच पोचवायची होती. प्रवास सहा दिवसांचा. कलमांना ऊन हवं, म्हणून टप मिटून ठेवायचा. पण फाल्गुन म्हणजे गारांचे दिवस. चांगली लिंबाएवढी गार पडली, तर कोवळा शेंडा मोडायला एकच पुरे.

गाडीवर गारघंटी होती. टेकडीवरच्या रडारला (रेडिओलहरी पाठवून ढगाच्या पोटात काय आहे ते पाहणारं यंत्र) गारा सुटलेल्या दिसल्या, की ही घंटी वाजायची. गार तीन-चार किलोमीटर उंचावरून येते. ती जमिनीवर पोचेपर्यंत साधारण दोन मिनिटं हातात असतात. आणि टप लावायला लागायची चार.

"मोटर बसवली की झालं," असं आबाजी म्हणाले होते. शरयूचे आजोबा, यादोराव बिसेन, हे धातूंचे शास्त्रज्ञ. निवृत्त होऊन गोंदियाजवळच्या या गावी राहत होते. आजी गेल्यापासून ते कमी बोलायचे आणि दिवसभर काहीतरी ठोकत बसायचे. त्यांनी मोटर बसवली. टपाची आठवी घडी तिसरीत अडकली आणि कापड फाटलं. मग त्यांनी आणखी दणकट मोटर बसवली. तेव्हा कापडाबरोबर लोखंडी कमानही वाकली.

"आबाजी, मोटर जोरात केली म्हणून घोळ जोरात झाला," शरयू म्हणाली.

"तू नको शिकवू मला," आबाजी म्हणाले. पण त्यांनी मोटर काढून ठेवली.

रोपवाटिकेत कुंड्या उचलायला एक जुना यंत्रमानव होता. त्याला दोन मोठी गोल भिंगं होती, म्हणून शरयू त्याला ढापण्या म्हणायची. आबाजींनी त्याच्याकडे वळून वैतागून सांगितलं, "ढापण्या, काही कर बापा, पण एका घडीत टप लागला पाहिजे."

ढापण्याने दोन्ही भिंगं टपाकडे वळवली. मग म्हणाला, "आबाजी, जुन्या हिशेबाने एक घडी म्हणजे चोवीस मिनिटं. आपण चार मिनिटांत लावतो. म्हणजे आपण वेळेच्या खूप आधी आहोत. अभिनंदन."

शरयू खो खो हसायला लागली.

"अरे घडी म्हणजे झटकन, लगेच," आबाजी म्हणाले.

"तसा अर्थ माझ्याकडे नाही. तिसरा अर्थ आहे. घडी म्हणजे दुमड. पण या टपाला अकरा घड्या आहेत. तो एका घडीत कसा उघडेल?"

"डोकं फिरवू नको," म्हणून आबाजी पाणी प्यायला आत गेले.

शरयूचं हसू मात्र थांबलं होतं. ती टपाकडे बघत राहिली. अकरा घड्या. एक उघडायची, मग दुसरी, मग तिसरी. उशीर हाताने होतच नव्हता, घड्यांमुळे होत होता. सगळ्या घड्या मिळून एकच घडी असती तर?

ती धावत जाऊन जुना पेपर घेऊन आली. ओसरीवर बसून तिने तो आधी पंख्यासारखा दुमडला. एक घडी वर, एक खाली. दोन टोकं धरून ओढलं, तर सर्रकन उघडला.

"हे बघा, आबाजी. एका ओढीत."

"हो. पण हे एकाच दिशेने उघडलं," बाहेर येत आबाजी म्हणाले. "मिटल्यावर तुझी लांबच लांब काठी होते. ती गाडीवर ठेवशील कुठे? लांबीतही दुमड."

शरयूने ती काठी आडवी दुमडली आणि पेपर ओढला. आता तो उघडेना. आधी आडव्या घड्या सोडवायच्या, मगच उभ्या. एकीने दुसरीला कुलूपच लावलं होतं. जुन्या टपाचं दुखणं नेमकं हेच होतं.

शरयूने दुसरा पेपर घेतला, मग तिसरा. सातव्या पेपरला ती कंटाळली आणि आडव्या घड्या कशातरीच पडल्या. सरळ पडायच्या त्या तिरक्या झाल्या.

"वाकडं झालं ते. शिवण वाकडी गेली, की तुझी आजी आधी उसवायला लावायची," आबाजी म्हणाले.

शरयूने घड्या मोडायला पेपर उघडला. काही घड्या उलट्या बाजूला वळत होत्या, त्या तिने बोटाने दाबून वळवल्या. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून सहज ओढले, आणि पेपर लांबीत आणि रुंदीत एकदमच पसरला. तिने कोपरे जवळ आणले. तो दोन्हीकडून मिटून तळहातावर मावला. पुन्हा ओढला. पुन्हा पसरला.



"पुन्हा कर," आबाजी हळूच म्हणाले. तिने केलं. मग त्यांनी पेपर तिच्या हातातून ओढूनच घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. "अगं, उपग्रहांचे सौरपंख असे दुमडून अवकाशात पाठवलेत लोकांनी. मी चित्रं पाहिलीत त्याची. आणि समोर टप घेऊन बसलो, तर मोटरच सुचली मला. बस इथे. बघ, हे असं का होतं."

त्यांनी पेनने एक चौकट रंगवली. "हा चौकोन सरळ नाही. हा समांतरभुज चौकोन (समोरासमोरच्या बाजू समांतर, पण कलंडलेला) आहे. असे चौकोन एकाला एक लागून आहेत. आता हा बिंदू बघ. इथे किती घड्या येऊन मिळतात?"

"चार."

"त्यातल्या तीन डोंगरघड्या (वर उठलेल्या), एक दरीघडी (खाली गेलेली). किंवा याच्या उलट. आता यातली एकच हलव. बाकीच्या तीन जागेवर ठेवून दाखव."

शरयूने खूप प्रयत्न केला. एक घडी जरा हलली, की बाकीच्या तीन हलायच्याच.

"नाही राहत."

"राहणारच नाहीत. आणि यातली प्रत्येक घडी पुढच्या बिंदूलाही जाऊन मिळते. तिथल्या तीन हलतात. त्या पुढच्यांना हलवतात. म्हणून एक कोपरा ओढला, की सगळा कागद हलतो. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. त्यामुळे गुंताही होत नाही."

"म्हणजे घड्या खूप असल्या, तरी उघडायला एकच," शरयू म्हणाली. "ढापण्या, ऐकलंस का? एका घडीत टप."

"म्हणजे तिसरा अर्थ बरोबर होता," ढापण्या म्हणाला. "मी नोंद करतो."

मग ओसरीवर नुसती धांदल. कापड लुळं असतं, ते कागदासारखं वागत नाही. म्हणून आबाजींनी पातळ कडक पत्र्यांचे कलते चौकोन कापले आणि शरयूने ते जाड कापडात खिसे करून शिवले. दोन पत्र्यांमधली शिवण झाली घडी. पुढचा डावा कोपरा गाडीच्या खांबाला कायमचा पक्का केला. मागच्या उजव्या कोपऱ्याला धरायला एक कडी लावली. टप सरकायला मध्ये आडव्या दांड्या टाकल्या आणि उरलेल्या दोन खांबांवर आपोआप अडकणारे आकडे बसवले.

"पूर्ण सपाट नाही ओढायचा," आबाजींनी बजावलं. "थोडा नागमोडी राहू दे. सपाट पत्रा हातानेही वाकतो, पन्हळी पत्र्यावर माणूस चढतो. नागमोडीत ताकद असते."

पहिल्या चाचणीला नऊ सेकंद लागले. दुसरीला सहा. तिसऱ्या वेळी आबाजींनी स्वतः ओढून पाहिलं आणि मग कितीतरी वेळ ते उगीचच टप मिटत आणि उघडत बसले.

निघून तिसरा दिवस होता. सकाळी आकाश स्वच्छ होतं. दुपारी गाडी एका शेताच्या बांधाशी थांबली. शेतमालकीण कौतिकाबाईंच्या विहिरीजवळ दोन कलमं लावायची होती. आबाजी ती दोन कलमं टोपलीत घालून, कुदळ घेऊन शेताच्या पार टोकाला गेले. गाडीपाशी शरयू आणि ढापण्याच राहिले.

पश्चिमेकडून ढग कसा आला ते कळलंच नाही. हिरवट, काळा. आणि घंटी वाजली.

शरयू गाडीकडे धावली. बांधालगतच्या चिखलात तिची एक चप्पल रुतली, ती तिथेच राहिली. तिने कडी धरून ओढली. टप हलेना. आकडे, दांड्या चाचपण्यात दीड मिनिट गेलं.

"ढापण्या, अडकलंय."

"मागच्या दांडीवर पाण्याचा डबा ठेवलेला आहे," ढापण्या म्हणाला. "टपाचा काठ त्याला टेकला आहे."

डबा तिनेच ठेवला होता. जुना टप असता, तर एका घडीत अडकलेलं दुसरीला कळलं नसतं आणि ओढता ओढता कापड फाटलं असतं. इथे एक अडलं तर सगळंच थांबलं होतं, काही मोडलं नव्हतं. तिने डबा खाली ढकलला. हौद्यात पहिली गार पडली, ठण्णकन. मग दुसरी. शरयूने दोन्ही हातांनी कडी धरली आणि अंगाचा भार टाकून मागे झाली.

टप सळसळत पसरला. डावीकडून, उजवीकडून, पुढून, मागून, सगळीकडून एकदमच. खटक. खटक. आकडे अडकले. तिने कडी खांबात घातली आणि हौद्याखाली घुसली. त्याच क्षणी आभाळ फाटल्यासारखा आवाज सुरू झाला. टप थडथडत होता, पण वाकत नव्हता. गारा त्याच्या पन्हळीतून घरंगळत तिच्यासमोर बदाबदा पडत होत्या.

पाच मिनिटांनी सगळं थांबलं. आबाजी डोक्यावर टोपली धरून चिखलातून पळत आले. त्यांच्या कानाजवळ खरचटलं होतं. त्यांनी शरयूकडे पाहिलं, मग टपाखाली वाकून एकेका कलमाच्या शेंड्याला बोट लावलं. शेवटच्या कलमापाशी ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सगळी आहेत," ते म्हणाले.  "एकटीने ओढलंस?"

"एकच तर घडी आहे," शरयू म्हणाली.

"आणि विहिरीजवळची दोन?" तिनेच पुढे विचारलं.

"ती टोपलीखाली होती. टोपली आत्ता घेतली मी, गारा थांबत आल्यावर."

मागून कौतिकाबाई आल्या. त्यांचा पदर भिजून चिंब झाला होता. बांधापलीकडे त्यांच्या मिरचीच्या रोपांचा वाफा होता. त्यातली अर्धी रोपं आडवी झाली होती. त्या वाफ्याकडून गाडीकडे वळल्या. गाडीला एक फेरी मारली, टपाखाली डोकावल्या, वर हात लावून पाहिला.

"पोरी, हे उघडलंस कसं?"

शरयूने कडी सोडली आणि कोपरा पुढे ढकलला. टप मिटला. ओढला. पसरला. कौतिकाबाईंनी कडी स्वतःच्या हातात घेतली आणि दोनदा करून पाहिलं.

"माझ्या वाफ्याएवढं मोठं होईल का हे?"

शरयूने आबाजींकडे पाहिलं.

"मला काय विचारतेस?" आबाजी म्हणाले. "घडी तुझी आहे. चौकोन वाढवावे लागतील, वजन वाढेल, पत्र्याऐवजी बांबूच्या कामट्या चालतील का ते बघावं लागेल. पण आधी माप तर घे."

ऊन पुन्हा पडलं होतं. ढापण्याने कलमांवरचा टप मिटला. शरयूने एका पायातली उरलेली चप्पलही काढून ठेवली, गारांचा खच तुडवत वाफ्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, आणि पावलं मोजायला लागली. एक, दोन, तीन.