रिकाम्या नवव्या चॅनेलवर

गोष्ट भरदुपारची आहे, तेव्हा दिवा मोठा करायची गरज नाही. भाचीला त्या दिवशी एवढंच काम होतं, मावशीचं एक गाणं रेकॉर्ड करायचं. एवढंच म्हणायला. तिचे यजमान, म्हणजे काका, गेल्यापासून चौदा महिने मावशी गायली नव्हती. स्टुडिओ काकांचा, आणि तिचं प्रत्येक गाणं त्यांनीच रेकॉर्ड केलेलं. नाकदुऱ्या काढून तिला आणलं, तर आल्या आल्या तिने बजावलं, "जमलं तर जमलं. नाहीतर पुन्हा मला या खोलीत आणू नकोस."

काकांच्या जुन्या मिक्सरची वायर कुठून निघते, कुठे जाते, हे बोटांनी चाचपता यायचं. नवा डिजिटल मिक्सर म्हणजे पडद्यावरचा एक तक्ता. डावीकडे आवाज कुठून येतो ते, वर तो कुठे जातो ते, आणि दोन्ही भेटतात तिथे ठिपका द्यायचा. ठिपका नसला, की बिचारा आवाज आत येऊन घुटमळत बसतो. आठवडाभर डोकेफोड केल्यावर भाचीबाईंना कुठे हे उमगलं होतं.

मावशी काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसली. भाचीने आपला माइक आठव्या चॅनेलला जोडला, हेडफोनकडे जाणारा ठिपका दिला आणि विचारलं, "मावशी, ऐकू येतंय?"

मावशीने मान डोलावली. मग ती चक्क हसली. "घसा खाकरू नकोस, काच तडकेल म्हणे. आगाऊ कुठली. त्यांचंच बोलणं उचललंस होय?"

भाचीने असं काही म्हटलंच नव्हतं.

तिने तक्ता पाहिला. ठिपका आठव्याऐवजी नवव्यावर पडला होता. म्हणजे तिचा आवाज मावशीपर्यंत पोचतच नव्हता, नववं चॅनेल पोचत होतं. तिने वाकून मागे पाहिलं. नवव्याला वायरच नव्हती. तरी पडद्यावर नवव्याची हिरवी पट्टी वर-खाली होत होती... सावकाश, कुणी बोलावं तशी. तापलेल्या यंत्राचा वास येत होता. बाकी सगळं चिडीचूप होतं.

ठिपका पुसायला एक बोट पुरे होतं. पण पलीकडे मावशीने डोळे मिटले होते, खांदे सैल सोडले होते. "हं... मोजा," ती हळूच म्हणाली.

भाचीचं बोट तिथल्या तिथे थांबलं. नववं चॅनेल रेकॉर्डिंगकडे जात नाही ना, तेवढं तिने पाहून घेतलं. घाबरली म्हणून काय झालं, कामात हयगय नको. पट्टी चारदा उडाली, काका गाण्याआधी चार मोजत तशी. मावशीने श्वास घेतला आणि ती गायला लागली.

काय गायली म्हणून सांगू! चौदा महिने कोंडलेलं सगळं मोकळं झालं. भाची रडतही होती, हसतही होती.

मावशी बाहेर आली ती गाणं गुणगुणतच. "मोजत तू नव्हतीस ना?"

"नाही गं."

"वाटलंच. तू कुठली एवढी तालात." तिने पर्समधून कागद काढला. "ही घे यादी. बारा गाणी आहेत, एक झालं. उरलेली सगळी करायची. आणि हे दहाव्यावर काय लिहिलंयस?"

दहाव्या चॅनेलच्या नावाच्या जागी एकच शब्द होता, 'ही'. भाचीने तो लिहिला नव्हता. काका चारचौघांत मावशीला कधी नावाने हाक मारत नसत. नेहमी आपलं, 'ही म्हणते', 'हिला विचारा'.

मावशी बघत राहिली. मग मनापासून हसली. "जागा धरून ठेवलीय माझी. घाई नको म्हणावं. आधी बारा गाणी होऊ देत."

तेवढ्यात दहाव्याची पट्टी हलली, त्यालाही वायर नव्हती. भाचीने दहाव्याला ठिपका देऊन हेडफोन कानाला लावला. आवाज मावशीचाच होता, अगदी खुशीत. भाचीने हातातली यादी पाहिली. शब्द शेवटच्या, बाराव्या गाण्याचे होते.

आणि मावशी शेजारी उभी राहून गटागटा पाणी पीत होती.