आठ मिनिटांत विरणारी खूण

सायकलची साखळी निसटली, तेव्हा सोल्वायच्या पिशवीत पन्नास प्रश्नावल्या होत्या आणि डेन्मार्कमधल्या ओडेन्सेचं ते बारीक, तिरकं पावसाचं पाणी तिच्या मानेवरून आत शिरत होतं.

"थांब, ओढू नकोस. अशी नाही बसायची ती."

एक उंच मुलगा खाली वाकला. त्यानं डोळे मिटले, अंगठ्यानं साखळी चाचपली आणि एका क्षणात दात्यांवर बसवली.

"डोळे कशाला मिटलेस?"

"हातांना दिसतं," तो उठत म्हणाला. "मी आस्गर. तुझ्याच वर्गात आहे. मागच्या बाकावर असतो, म्हणून तुला माहीत नसेल."

तिला माहीत होतं. पण तिनं तसं सांगितलं नाही... नुसती एक प्रश्नावली पुढे केली. कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी मणक्यांवर उपचार करण्याच्या शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संशोधनातल्या पुराव्याबद्दल काय वाटतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. नाव लिहायचं नव्हतं.

संध्याकाळी गठ्ठा चाळताना एका कागदावर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला दिसला. सातवं वाक्य होतं: 'संशोधन माझ्या अनुभवाच्या विरुद्ध गेलं, तर मी माझी पद्धत बदलेन.' त्यापुढे 'असहमत'वर ठसठशीत खूण. सोल्वायला हसू आलं. मग जरा वाईटही वाटलं.

प्रबंधाचा दुसरा भाग होता चाळीस पाठींचा. दोघा विद्यार्थ्यांनी एकमेकांना न सांगता तीच पाठ तपासायची, जखडलेला मणका शोधायचा आणि त्यावर न दिसणाऱ्या शाईनं टिंब काढायचं. नंतर प्रबंधाच्या मार्गदर्शक बिर्गिटबाई जांभळ्या दिव्याखाली पाहणार, दोन टिंबं जुळतात का. एक तपासणारी सोल्वाय होती. दुसऱ्यासाठी बाईंनी चिठ्ठी उचलली, तर आस्गरचं नाव निघालं.

"चाळीस पाठी होईपर्यंत पाठींविषयी एक अक्षर बोलायचं नाही," बाईंनी बजावलं.

मग ते बाकी सगळ्याविषयी बोलले. दुपारी खिडकीशी बसून राय धान्याच्या काळ्या पावावरचा मासा खाताना तो तिला खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या देई. तिला त्या मुळीच आवडत नसत, तरी ती घेई.

"तोंड का वाकडं करतेस?"

"करत नाही. चेहराच असा आहे."

"मग चांगला आहे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्याचे वडील थिस्टेड गावी तीस वर्षं याच व्यवसायात होते. बोटं टेकली की दुखणं कळतं, असं ते म्हणत. जूनमध्ये आस्गर त्यांच्याच दवाखान्यात जाणार होता. "हातच खोटे ठरले, तर मी तिथे जाऊन काय करू, सांग," तो एकदा हळूच म्हणाला. हे पाठींविषयी बोलणं झालं का, हे तिला ठरवता आलं नाही.

दर शुक्रवारी बाई आकडा सांगत. पहिल्या दोन आठवड्यांत वीस पाठींपैकी सहा जुळल्या. त्या दिवशी सोल्वायचा पाव तसाच राहिला. तिसऱ्या आठवड्यात दहापैकी नऊ जुळल्या.

"सरावानं हात शिकतात, आस्गर," ती जिन्यातच म्हणाली. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिच्या डोक्यात लिहून झालं होतं. "तुझ्या वडिलांना कळव."

तो हसला नाही. दोघं सायकलींपाशी पोचले. पाऊस तसाच, तिरका.

"हात शिकले नाहीत," तो म्हणाला. "तू... फार जोरात दाबतेस. गोऱ्या पाठीवर तुझ्या अंगठ्याची गुलाबी खूण राहते. आठ मिनिटांत विरते, पण मी पाचव्या मिनिटाला आत जातो. मी मणका शोधलाच नाही. तुझी खूण शोधली आणि तिथे टिंब काढलं."

"दहाही वेळा?"

"नऊ वेळा. एकजण फार उन्हात भाजला होता, काही दिसेना."

"मला कधीच कळलं नसतं."

"म्हणूनच सांगतोय."

"पण केलंस का?"

"त्या शुक्रवारी तू पाव खाल्ला नाहीस."

तिला राग यायला हवा होता. आलाही. दहा पाठी वाया, एक प्रकरण वाया. पण ज्याला या आकड्याची तिच्याहून जास्त गरज होती, त्यानंच तो मोडून टाकला होता, आणि रागाला कुठे टेकायला जागा मिळेना.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुझा कागद मी ओळखला होता. ग्रीसचा अंगठा होता त्यावर. बाईंना सांगायला हवं होतं... नाही सांगितलं. सोमवारी दोन्ही सांगू."

"मला काढून टाकतील."

"टाकतीलच. उरलेल्या दहा पाठी दुसरं कोणी तपासेल. वीसपैकी सहा, एवढंच आपलं खरं. तेच लिहीन." ती थांबली. "सातवं वाक्य आज पुन्हा विचारलं तर?"

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "सहमत म्हणेन. थिस्टेडलाही जाईन. पण दुखणाऱ्याला सांगेन की बोटांना वाटतं तेवढं कळत नाही, आणि ज्यानं बरं होतं हे सिद्ध झालंय, तेच करेन. वडील ऐकून घेतील का, कोण जाणे."

"मी येईन सांगायला. मला आकडे पाठ आहेत."

तो पहिल्यांदा हसला. "म्हणजे मी आता प्रयोगाबाहेर. तुझ्याशी काहीही बोलू शकतो."

"बोल ना."

त्यानं तिचा तळहात धरला, मधोमध अंगठा टेकवला, हलकेच दाबला आणि उचलला. गुलाबी ठिपका उमटला. ओल्या उजेडात दोघं तो विरेपर्यंत पाहत राहिले. सोल्वायनं मनात मोजलं, सवयीनं. चाळीस सेकंद.

"एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली आणि हात पुन्हा पुढे केला.