जयवंतसाठी लावलेला कौल

पटत नसेल तर इथेच थांबा. "असं कुठे असतं का?" ऐकून माझे कान किटलेत. हे माझ्या आईच्या बाबतीत घडलंय. खरंखुरं. छप्पन सालचा जानेवारी, घोडपदेवची आमची चाळ.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गोळीबार, कर्फ्यू. माझे बाबा, जयवंत, सकाळी गिरणीत गेले ते दिवेलागण झाली तरी परतले नव्हते.

आणि आमचे चाळकरी!

एक म्हणे, पोलिसांनी उचलला. दुसरा म्हणे, भायखळ्याला गोळी लागली. तिसऱ्याने तर त्यांना हॉटेलात चहा पिताना पाहिलं होतं.

"मेल्यांनो, एक काय ते सांगा!" आईने धाडकन दार लावलं. "माणसांचं ऐकणं पुरे झालं. आता देवीलाच विचारते."

गावच्या देवळात लावतात तसा तिने घरीच कौल लावला. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"आई भवानी, माझो घोव जितो असा मां?"

उजवी पडली.

आई ढसाढसा रडली. तिने पाकळी पुन्हा चिकटवली, हात जोडले.

तेवढ्यात... कडी वाजली.

"शकू, दार उघड गो."

बाबांचाच आवाज!

आई धावली. कडीला हात लावला आणि थबकली. आमचा जिना लाकडी. मांजर चढलं तरी करकरायचा.

आज... काहीच वाजलं नव्हतं.

ती मागे वळली. "उघडू काय गो आई?"

डावी पडली.

"शकू, लागलंय मला... पाणी दे."

शेजारच्या खोलीतून सुंदराबाई ओरडली, "अगो, नवरो दारात विव्हळतोय, उघड की!"

आईने कानांत बोटं घातली. ते खरंच बाबा असले तर? तिचा जीव तीळतीळ तुटत होता. पण देवी नाही म्हणाली होती.

हाका थांबल्या तशी तिने बोटं काढली.

उतरतानाही जिना वाजला नाही...

सकाळी बाबा आले! डोक्याला पट्टी, सोबत त्यांचा भायखळ्याचा मित्र ग्रेगरी. दगड लागून बेशुद्ध पडलेल्या बाबांना त्याने दुपारीच आपल्या घरी नेलं होतं.

"रात्रभर माझ्याच खाटेवर होता, वहिनी. हलला पण नाय. आयशप्पत!"

आईने देवीपुढे डोकं टेकलं. जिंकली होती ती.

मग बाबा पहिल्यांदा बोलले.

"काल दार का नाय उघडलंस, शकू? किती हाका मारल्या मी."

त्यानंतर बाबा कित्येक वर्षं जगले, पण आईशी कधी नीट बोलले नाहीत. आई चिडायची, रडायची. "देवीनेच 'नाही' म्हणून सांगितलं, मी काय करू?"

बाबांचं उत्तर एकच असायचं. "माझा आवाज ऐकलास. तरी तिला विचारलंस."

कोणावर चिडू, तेच मला आजवर कळलेलं नाही.