अंबरनाथची पोरगी आणि बदलापूरचा राजस

‘बदलापूरच्या राजस, मैदान सोडून पळ!’ एवढा मोठा बॅनर छापून घ्यायला मी उल्हासनगरला गेले, आणि दुकानात माझ्या मागे तोच उभा!

राजस. कबड्डीत आमच्या अंबरनाथला तीन वर्षं धूळ चारणारा. आणि मी चैत्राली. अंबरनाथच्या पहिल्या रांगेतला सगळ्यात मोठा आवाज.

“मस्त आहे,” बॅनर वाचून तो म्हणाला. “पण अक्षरं लाल करा ना... मला लांबून दिसायला हवीत.”

“तुम्ही इथे काय करताय?”

“तुमच्या टीमच्या जर्सी न्यायला आलोय. शौनक म्हणाला, जातोच आहेस तर घेऊन ये.”

शौनक म्हणजे माझा सख्खा दादा, अंबरनाथचा सगळ्यात तगडा पकडवाला. आमच्या जर्सी शत्रूच्या हातात? मी तिथूनच दादाला फोन लावला.

“अगं, दोस्त आहे तो माझा,” दादा हसला. “कंपनीच्या टीममध्ये आम्ही एकत्रच खेळतो. फक्त गावाच्या मॅचला समोरासमोर.”

“आणि मी तीन वर्षं त्याच्या नावाने बोंबलतेय ते?”

“त्यावर डबा खाताना हसतो आम्ही. तुझी नक्कल भारी करतो तो!”

मेला! मी रागाने वळले, तर तो कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्यासारखी मान उडवत, हळूच म्हणाला, “आऊट! आऊट!” मला हसू फुटलं... आणि तिथेच घात झाला.

मग तो दादाला सोडायला घरी येऊ लागला. एका चहाचे तीन चहा व्हायचे. आमचे आण्णा मात्र पेपरातून तोंड बाहेर काढायचे नाहीत. बदलापूरवाला ना!

“फायनलला कुणासाठी ओरडणार?” त्याने विचारलं.

“अंबरनाथसाठीच! यंदा कप आमचा.”

“ओरडा की,” तो हसला. “तुमचा आवाज आला नाही तर मला करमत नाही...”

फायनलला गुण बरोबरीत, शेवटची चढाई राजसची. दादाने त्याचा घोटा पकडला. आता धरून ठेवलं की कप आमचा! सगळं अंबरनाथ उभं राहिलं. राजसचा चेहरा वेदनेने पिळवटला, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “दादा, सोड त्याला!”

दादा दचकला. पकड ढिली पडली, राजसचा हात मध्यरेषेला लागला. बदलापूर जिंकलं. आण्णांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

मी धावत खाली गेले. दादा आणि राजस मातीत बसून पोट धरून हसत होते.

“लागलं का रे?”

“छे! प्रॅक्टिसला रोज असाच धरतो हा,” राजस म्हणाला. “जोर लावताना माझं तोंड असंच होतं. पण तू का ओरडलीस?”

“कप गेला, आण्णा आता आठवडाभर बोलणार नाहीत...” माझे डोळे भरून आले. “तरी तू सुटलास आणि मला इतकं बरं वाटलं! आवडतोस तू मला. काय करू?”

एका दमात कबड्डी कबड्डी घुमणारा हा माणूस... नुसता गुडघ्यावरची माती झटकत बसला.

“अरे, बोल ना!” दादा खेकसला.

“पुढच्या वर्षीही माझ्यावर मनसोक्त ओरड,” राजस कसाबसा म्हणाला. “फक्त मॅच संपली की... घरी माझ्याबरोबर चल. कायमची.”

“बदलापूरला?” माझ्या तोंडून निघालंच.

मग मी सगळ्या अंबरनाथच्या देखत त्याचा हात धरला. दादासारखा सोडला मात्र नाही.