कोरडा हीटर

मावशीच्या व्हॅनचं वय कोणी काढलं की मावशीला राग यायचा. वीस वर्षं तिने त्या गाडीतून शाळेची मुलं ने-आण केली. मुलांना मिशा फुटल्या, मुलींची लग्नं झाली, पण गाडी आपली खोकत का होईना, रोज सकाळी चालू. "तुमच्यापैकी पहिल्या हाकेला कोण उठतं, सांगा?" असं ती घरच्यांना विचारायची.

त्या दिवशी गाडीत शाळेची मुलं नव्हती. मागच्या सीटवर तिची भाची बसली होती, आणि भाचीच्या छातीशी, दोन शालींच्या आत, आदल्या संध्याकाळी जन्मलेलं बाळ. तब्बल सहा आठवडे आधी आलेलं. मुठीएवढं तोंड, आणि रडणं इतकं बारीक, की कान दिल्याशिवाय कळायचं नाही.

"याला औषध एकच, ऊब," दवाखान्यातल्या सिस्टरने निघताना बजावलं होतं. "अशा बाळांना ठेवायची उबदार काचेची पेटी आमच्याकडे नाही, घाटापलीकडच्या हॉस्पिटलात आहे. छातीपासून दूर करू नका, आणि गाडीतला हीटर क्षणभरही बंद ठेवू नका. एकदा का अंग गार पडलं, तर…"

दवाखान्याची ॲम्ब्युलन्स पहाटेच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. भाचीचा नवरा बोटीवर नोकरीला, तो येणार तीन आठवड्यांनी. मग उरलं कोण? मावशी आणि तिची व्हॅन.

सकाळचे दहा वाजले होते, पण घाटात शिरताच धुकं असं उतरलं, की बॉनेटच्या पलीकडचं काही दिसेना. दिवे लावूनही समोर नुसतं पांढरं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटरची घरघर. मावशी पाठीचा कणा ताठ करून, नाक काचेला लावल्यागत, गाडी हाकत होती. अर्धा घाट चढून झाला आणि तिच्या नाकात तो वास शिरला. गोडसर, पाक लागल्यासारखा.

तो वास तिच्या ओळखीचा होता. गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कुठेतरी गळत होतं.

पाठोपाठ समोरची काच आतून धुरकटली, तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि हीटरमधून येणारी हवा कोमट झाली. वळणाच्या पुढे थोडी सपाट जागा होती. तिने गाडी तिथे घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं ग मावशी?"

"काही नाही. पाच मिनिटांचं काम आहे. तू हलू नकोस, बाळाला मोकळं करू नकोस. हा माझा कोट घे, वरून गुंडाळ."

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीय? मी काय आठव्या महिन्यात जन्मलेली आहे?"

भाची हसली. मावशीला तेवढंच हवं होतं.

बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. इंजिनातून दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, निघून बॉनेट आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला जातात. एकातून गरम पाणी हीटरमध्ये जातं, दुसऱ्यातून परत येतं. त्यातला एक, पत्र्याजवळच्या टोकाला, क्लिपच्या मागे बोटभर फाटला होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी इंजिनावर पडून चरचरत होतं. मावशीच्या जिवात जीव आला. हे काम तिने दहादा केलं होतं. क्लिप सैल करायची, होज ओढून काढायचा, फाटलेलं टोक सुरीने कापायचं, उरलेला पुन्हा बसवून क्लिप आवळायची. संपलं.

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. जुना होज पाइपवर चिकटून बसतो. तो पिळायचा नसतो. सुरीने उभी चीर देऊन, सालीसारखा सोलायचा असतो. वीस वर्षं तिने तो सोललाच होता. पण त्या दिवशी मागच्या सीटवरून बाळाचा तो बारीक आवाज आला, मग येईनासा झाला, आणि तिच्या हाताने घाई केली. तिने होज पकडला, पिळला…

कट्.

होज हातात आला, आणि होजच्या आत हीटरचा पितळी पाइप. पत्र्यालगत, बुडापासून मोडलेला. तिथे आता होज बसवायला काही उरलंच नव्हतं.

मावशी धुक्यात तशीच उभी राहिली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. मारली असती, पण हात काळे होते आणि वेळ नव्हता.

आता एकच मार्ग होता. इंजिनातून निघालेला होज हीटरला न नेता, वळवून परत इंजिनालाच जोडायचा. गाडी चालली असती. हीटर मात्र कोरडा पडला असता. पाण्याचा एक थेंबही त्यात गेला नसता. आणि पुढे दीड तासाचा रस्ता, असल्या थंडीत. पण इथे थांबून तरी काय? फोनला रेंज नाही, तासाभरात एक गाडी गेली नाही. तिने होज वळवला, क्लिपा आवळल्या, कॅनमधलं पाणी ओतलं. बोटं इतकी बधिर झाली होती, की स्क्रूड्रायव्हर दोनदा खाली पडला. पडला की ती वाकून शोधायची आणि कोणाला तरी म्हणायची, "एवढी वेळ निभावून न्या. मला नको काही. त्याला तेवढी ऊब द्या." कोणाला म्हणत होती, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

ती गाडीत बसली. हीटरचं बटण बंद केलं, नाहीतर गार वाराच आत आला असता. भाचीला खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"झालं. निघू," एवढंच म्हणाली.

दोन वळणं गेली असतील. मागून भाचीचा आवाज आला, जरा सैलावलेला.

"मावशी, किती छान ऊब येतेय ग. आधीपेक्षाही छान."

मावशीने डॅशबोर्डकडे पाहिलं. बटण बंदच होतं. पंख्याची घरघर नव्हती. तिने डावा हात हीटरची हवा येते त्या जाळीसमोर धरला.

हवा येत होती. गरम. आणि जराशी ओलसर.

तिचा हात तिथेच थबकला. इंजिनाची धग म्हणावी, तर ती कोरडी असते, तिला तेलाचा वास येतो. या हवेला तेलाचा वास नव्हता. बंद खोलीत कोणी खूप वेळ झोपलेलं असावं आणि आपण दार उघडावं, तेव्हा जो वास येतो, तसा काहीसा होता. आणि आवाज… चष्म्याच्या काचेवर आपण तोंड उघडून फुंकर घालतो ना, तसा. हाऽऽऽ… इतका हलका, की इंजिनाच्या आवाजात फक्त तिलाच ऐकू यावा. जाळीच्या वर, समोरच्या काचेवर, वाफेचा गोल डाग धरला होता.

गाडी थांबवावी आणि दार उघडून पळावं, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. पण मागे भाची बाळाशी गुणगुणत होती, "बघ, आता कसं छान वाटतंय माझ्या सोन्याला…" मावशीने हात मागे घेतला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि चालवत राहिली. जाळीकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती फुंकर मध्ये थांबत नव्हती. माणूस फुंकतो, मग श्वास आत घेतो, मग पुन्हा फुंकतो. इथे नुसतं बाहेर, बाहेर, बाहेर. तिने खिडकीला लागून सरकणारे रस्त्याकडेचे पाच दगड मोजले, दहा मोजले. मग स्वतःच श्वास रोखून बघितला, तर तिसऱ्या दगडाला छाती फुटायची वेळ आली. हे जे कोण होतं, ते गाडी निघाल्यापासून एकाच श्वासावर होतं.

तेव्हा तिची भीती गेली नाही, पण भीतीच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. परक्याच्या लेकरासाठी कोण करतं हो एवढं?

"दमू नका हो…" ती पुटपुटली. "थोडंच राहिलंय."

"कोणाशी बोलतेयस?"

"गाडीशी. म्हातारी आहे, चुचकारावं लागतं."

घाट उतरला, धुकं विरलं, घरं लागली. आणि फुंकर कापायला लागली. ऊब तेवढीच होती, पण आवाज तुटक झाला, दात-ओठ खाऊन जड ओझं उचललेल्या माणसाचा असतो तसा. काचेवरचा डाग थरथरत होता. मावशीने आयुष्यात चालवली नव्हती तशी गाडी पिटाळली. "आलं… आलं… ते बघा, फाटक दिसलं…"

हॉस्पिटलच्या दारात तिने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. नर्स धावल्या. बाळाला आत नेलं, शाली उलगडल्या, थर्मामीटर लावला. मावशी दाराला धरून उभी.

"अंग गरम आहे हो," नर्स म्हणाली. "छान गरम आहे. घाटातून आणलेली मुलं कशी निळी पडून येतात, मला विचारा. काय केलंत तुम्ही?"

मावशी कॉरिडॉरच्या बाकावर बसून ढसाढसा रडली, नाक पुसलं आणि तडक गाडीकडे गेली. ज्याने केलं, त्याला दोन शब्द सांगायला नकोत?

व्हॅन फाटकाजवळ उभी होती. इंजिन बंद, किल्ली मावशीच्या मुठीत. ती आत बसली आणि दार लावून घेतलं. गाडीत आता गारठा होता. काचेवरचा डाग गेला होता. ती जाळीसमोर वाकली.

"पोहोचलो हो," ती म्हणाली. "बाळ ठीक आहे. तुमचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही. तुम्ही कोण, ते विचारत नाही. पण आता पुरे. घ्या… आता तुम्ही श्वास घ्या."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या कपाळावरची बट हलली आणि पुढे झाली. जाळीकडे. हवा आत जाऊ लागली होती. आधी सावकाश, मग जोरात. तिच्या पदराचं टोक उचललं गेलं, पायाशी पडलेली फडकी सरकत पुढे आली. बंद गाडीत कानांना दडे बसले आणि तिचाच श्वास छातीत पुरेना. तिने धडपडत दार उघडलं, बाहेर पडली, पळता पळता थांबली, आणि मागे वळून तिने गाडीची उरलेली दारंही एकामागून एक उघडून दिली.

"घ्या," ती धापा टाकत म्हणाली. "पोटभर घ्या. घाई नाही."

फाटकावरचा वॉचमन हात हलवत आला. "ओ मावशी! गाडी हलवा इथून, ॲम्ब्युलन्स येतेय. दारं कशाला उघडी टाकलीत?"

"थांबा जरा, दादा," मावशी म्हणाली. "त्यांचा श्वास होऊ दे."

"कोणाचा?"

वॉचमनने वाकून रिकाम्या गाडीत पाहिलं. पुन्हा मावशीकडे पाहिलं. काहीतरी खरमरीत बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याचा हात गळ्याकडे गेला. वारा अजिबात नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि त्याच्या गळ्यातल्या मफलरची दोन्ही टोकं उचलली जाऊन, ताठ, गाडीच्या उघड्या दाराकडे झाली होती.