जामाखालची पट्टी

"मी फाटकाबाहेर जाणार नाही, आई. तुम्ही काहीही म्हणा."

"जाणार नाहीस तर उचलून नेईन. अजून हातात तेवढं बळ आहे माझ्या."

"न्या उचलून. मग बाळाचं जे होईल ते तुमच्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर? बाळ सकाळपासून जेमतेम हललंय, हे तूच रडत सांगितलंस ना? डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं होतं? हालचाल कमी वाटली की थांबायचं नाही. आणि तू चौकट धरून उभी! बी.एस्सी. झालीस ती काय चौकटी धरायला?"

मे महिन्याची भर दुपार. वीज गेलेली, कूलर बंद. रस्त्यावर लू, इकडची उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची झळ, नुसती घुमत होती. फाटकाशी रिक्षा उभी, आत शेजारची सुशीला कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन घामाघूम झालेली. अनंत, माझा मुलगा, कारखान्यात पाळीवर. आणि ही माझी सून कांचन, नववा महिना भरत आलेला, पुढच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी. आमचं क्वार्टर असं की पुढच्या दारातून थेट मागचं अंगण दिसतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून मागे बघत होती, अंगणातल्या जामाकडे. जाम म्हणजे तुमचा पेरू. भोपाळला इतकी वर्षं काढल्यावर मी त्याला पेरू म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारी सासू, हिनेच काहीतरी खूळ सुनेच्या डोक्यात घातलं असणार. तर नीट ऐका. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि कारखान्याच्या भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले. पण ग्रहणात भाजी चिरू नको, दोरी ओलांडू नको, बसून लोकर गुंडाळू नको, असलं काही मी कांचनला एकदाही सांगितलं नाही. उलट तिच्या इंदूरच्या आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी फोन हातात घेऊन म्हटलं, "विहीणबाई, बाळ पोटात असतं, दोरीवर नसतं."

बोलले खरी.

आता पट्टीचं सांगते. आमचे हे, गोपीनाथराव, मोटारींच्या वाइंडिंगला होते. मोटारी म्हणजे घरातल्या नव्हेत, खोलीएवढ्या. तांब्याच्या वेटोळ्यांवर पांढरी सुती पट्टी गुंडाळायची, एकावर एक, घट्ट, मध्ये फट राहू द्यायची नाही. उरलेले तुकडे भंगारात जात, ते सगळेच कामगार घरी आणत. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या अर्ध्या परकरांच्या नाड्या त्याच पट्टीच्या, मच्छरदाण्यांचे बंद त्याचेच, मुलांच्या दप्तरांचे पट्टेही. हे गेले, वाइंडिंगची पट्टीही पुढे बदलली. अनंत कारखान्यात लागला आणि क्वार्टर त्याच्या नावावर आम्हालाच राहिलं.

कांचनला सातवा लागला तेव्हा उन्हाळा सुरू झाला. मागच्या खिडकीत कूलर बसवला. त्याचं पाणी ठिबकत ठिबकत जामाच्या बुडाशी जाई. माती वाहून गेली आणि एक दिवस मुळाशी पांढरं टोक दिसलं. ओढलं तर पट्टी. काय आश्चर्य सांगू, कुजलेली नव्हती. ओलसर, गार, आणि हाताला जरा... कोमट नाही म्हणत मी. गारच होती. पण गारव्याच्या आत काहीतरी होतं.

वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. पंजा आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळत गेले. थोडी आली आणि अडकली. मुळांत अडकली असेल म्हणून तेवढंच भेंडोळं करून खोडावर ठेवलं.

त्याच आठवड्यात इंद्रपुरीला सोनोग्राफी झाली. आधीच्या सोनोग्राफीत बाळाचा गळा मोकळा होता. या वेळी बाई म्हणाल्या, नाळेचा गळ्याभोवती एक वेढा दिसतोय. सैल आहे. पुष्कळ बाळांना असतो, आपोआप सुटतोही. घाबरायचं नाही, फक्त हालचालीवर लक्ष ठेवायचं.

घाबरायचं नाही म्हटल्यावर कोण घाबरत नाही? कांचन रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसू लागली. जेवताना घास हातात तसाच. अनंतनं विचारलं तर म्हणे, "शू... आत्ताच हललं." मी तिला हसवायला बघे. म्हणायचे, "अगं, तुझा नवरा तर पोटात नुसत्या कोलांट्या मारायचा, नाळेची जानवी करून बाहेर आला." ती हसायची. पण हसता हसता खिडकीकडे बघायची.

आणि वास. मे महिन्यात जामाला फळ नसतं, हे कुणीही सांगेल. तरी दुपारी, कूलरच्या वाळ्याचा वास उडून गेला की अंगणातून पिकल्या जामांचा वास यायचा. गोड, जड, थोडा नासलेला. सुशीलाला विचारलं. तिला येत नव्हता. कांचनला यायचा. मला यायचा.

पुढल्या खेपेला मी पट्टी ओढली तेव्हा आणखी हातभर आली. गुंडाळली. आतून कांचन ओरडली, "आई, कोणी ओढलं?"

"कोण ओढणार? लाथ मारली असेल बाळानं."

"लाथ आतून बाहेर लागते, आई," ती हळूच म्हणाली. "हे... आत खेचल्यासारखं होतं."

मी लक्ष दिलं नाही. पुढच्या तपासणीत दोन वेढे निघाले.

तर त्या दुपारचं भांडण. मी म्हटलं, "चौकट सोड. काय आहे त्या जामात?"

"मी फाटकाकडे गेले की आवळतं. सकाळी भाजीवाल्यापाशी गेले होते ना, तेव्हाही. जितकी लांब जाते तितकं ताणतं. आणि बाळ गप्प होतं. मी परत आत आले की हलतं."

"त्या पट्टीमुळे?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"मग सोपं आहे. तोडूनच टाकते." मी विळा घ्यायला वळले.

ती अशी किंचाळली की रिक्षावाला फाटक उघडून आत आला. "नका तोडू! बाळ अजून तिच्यावरच जगतंय!"

सुशीला धावत आली. तिला मी म्हटलं, "हिला पुढच्या खोलीत ने. दार लाव. तोंड भिंतीकडे करून बसव आणि हिचा हात धरून ठेव. मी मागे जाऊन पट्टी ओढते, मनाला येईल तेव्हा. आवाज करणार नाही. एकदा हिला कळू दे की दोन्हींचा काही संबंध नाही, म्हणजे मुकाट्यानं रिक्षात बसेल."

माझी पद्धतच तशी. म्हणणं मांडून भागत नाही, दाखवून द्यावं लागतं.

अंगणात गेले. झाडाखाली सावली होती पण गारवा नव्हता. लू सगळीकडे सळसळत होती आणि जामाचं एक पान हलत नव्हतं. भेंडोळं उचललं, वाकले, जमिनीतून वर आलेली पट्टी बोटांत धरली. बराच वेळ काही केलं नाही. मग अलगद ओढली.

बंद दाराआडून कांचनचा आवाज. "आई गं!"

योगायोग, मी म्हटलं. थांबले. तोंडातल्या तोंडात गोपीनाथरावांना चार शिव्या दिल्या, धीर यावा म्हणून. पुन्हा ओढली.

पुन्हा आवाज. या वेळी नुसता श्वास आत घेतल्याचा, पण तो मला अंगणात ऐकू आला.

तिसऱ्यांदा मी ओढणार नव्हते. नुसती धरली होती. तोच... पट्टी माझ्या बोटांतून खाली गेली. थोडीशीच. बाळ दूध पिताना ओढतं ना, तशी. एकदा. मग पुन्हा एकदा. खालून.

आणि दोन्ही वेळा कांचन आतून ओरडली.

मी पट्टी सोडली नाही. लोकांना वाटतं, भ्यालं की माणूस हात झटकतं. माझी बोटं उघडेचनात. तो नासका गोड वास थेट घशात शिरला.

आता जे सांगते ते ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

अनंत माझा पहिला नव्हे. या टाउनशिपमध्ये निम्मे रस्ते कच्चे होते तेव्हा याच क्वार्टरच्या मागच्या खोलीत मला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, डोक्यावर दाट काळं जावळ. गळ्याभोवती नाळ आवळलेली. रडलीच नाही. सुईणीनं तिला फडक्यात गुंडाळून ह्यांच्या हातात दिलं आणि हे घेऊन गेले. मला उठू दिलं नाही. नाळ मात्र मी कुणाला दिली नाही. गाडग्यात घातली, तोंडाला फडकं लावलं आणि ह्यांनी आणलेल्या पट्टीनं बांधलं. अख्खं बंडल गुंडाळलं, फट न ठेवता, जसं हे कारखान्यात गुंडाळत. अंगणात पुरलं आणि वर जामाचं रोप लावलं. आपल्यात नाळ पुरतात ती मुलाचं मन त्या घराशी राहावं म्हणून. क्वार्टर सरकारी असलं म्हणून काय झालं?

तिला नाव ठेवलं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. हे गेले, सुईण गेली. अनंतला ठाऊक नाही की त्याला मोठी बहीण होती. सुशीला पुष्कळ नंतर राहायला आली. मग कांचनला कोण सांगणार?

कशीबशी बोटं उघडली. भेंडोळं खोडावर ठेवलं आणि घरात आले. सुशीलाचा चेहरा पांढरा पडला होता, तिच्या मनगटावर कांचनच्या नखांचे वळ. रिक्षावाला दारातूनच म्हणाला, "अम्मा, चलना है तो चलो. लड़की की हालत ठीक नहीं लग रही."

"चल कांचन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "तोडत नाही मी. काही करत नाही. पण हॉस्पिटलला चल. इथं बसून राहिलीस तर बाळ जाईल."

"आणि गेले तर आवळेल."

"मग काय करू? सांग ना! तू तरी सांग, काय करू मी?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. कांचननं मान कलती करून अंगणाकडे कान लावला. कुणी हळू बोलत असलं की आपण जसं ऐकतो, तसं. ओठ हलले. कुणाला तरी "हो" म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि एक वाक्य बोलली.

भांडण संपलं. मी तिच्यासोबत रिक्षापर्यंतही गेले नाही. सुशीलाला म्हटलं, "तू जा तिच्याबरोबर, कारखान्याच्या गेटवर अनंतला निरोप दे," आणि मागे येऊन जामाखाली मातीतच बसले. भेंडोळं मांडीवर घेतलं. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि पट्टी खाली जाऊ लागली. मी सोडत गेले. एक वेढा, मग दुसरा. ताण येऊ दिला नाही. कधी जोरात ओढ यायची, कधी थांबायची. थांबली की मी तिथल्या मातीवर थोपटायचे. काय बोलत होते ते सांगणार नाही. जवळजवळ सगळी पट्टी गेली. हातात वीतभर उरली, तेव्हा पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि ओढ थांबली.

संध्याकाळी अनंत आला, रडत आणि हसत. बाळाचे ठोके मंदावले होते, लगेच सिझर केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. मुलगी. डोक्यावर दाट काळं जावळ. गळ्याभोवतीची नाळ अगदी सैल होती.

"भोंगा झाला ना, आई, तेव्हाच रडली ती," तो म्हणाला. "पण तू का नाही आलीस? कांचनला विचारलं तर तीही काही बोलत नाही."

आता अनंतचा साकेत नगरला फ्लॅट आहे. आजूबाजूची क्वार्टरं रिकामी पडली, भिंतींतून पिंपळ उगवलेत, सुशीलाही ग्वाल्हेरला मुलाकडे गेली. मी भाडं भरते आणि इथेच राहते. नात येते भेटायला, तिला मी अंगणात जाऊ देत नाही. कांचन पुढच्या खोलीतच बसते, चहा घेते, माझ्या पायांना हात लावते आणि लवकर निघते. त्या दुपारचं बोलणं आम्ही दोघींनी कधी काढलं नाही. दुपारी मी जामाखाली खुर्ची टाकते. मुळाशी वीतभर पांढरं टोक आहे, ते बोटांत धरते. बहुतेक दिवशी काही होत नाही.

शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारी हट्टी आहे. आहेच मी हट्टी. पण मला इथं ठेवलंय ते कांचनच्या त्या वाक्यानं. दारात उभं राहून, पोटावर हात ठेवून, अगदी शांतपणे ती म्हणाली होती:

"आई, ती म्हणते, वहिनीला जाऊ दे, पण आता आईनं माझ्याजवळ बसायचं."