कालच बदललेलं तेल

गडबच्या काळुरामच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: त्याला फसवून झालेली आणि फसवायच्या बेतात असलेली. त्यामुळे त्र्याण्णव साली पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून जुना ट्रॅक्टर घेताना त्यानं टायर चावून बघायचेच काय ते बाकी ठेवले. मालक कमळाकर मात्र हसतमुख.

"हायड्रोलिकचं तेल कालच बदललंय," तो आपणहून म्हणाला. "पायजे तर काढून बघा."

न मागता कोणी काही दिलं की काळुरामचे कान टवकारायचे. पण नवं तेल फुकटात पदरात पडतंय म्हटल्यावर ते मुकाट खाली बसले.

चिखलणी तोंडावर आली आणि ट्रॅक्टरमागचा नांगर उचलेना. रोह्याच्या मेकॅनिकनं बुडाचा नट सोडला. घमेल्यात तेल पडलं ते ताकासारखं पांढरं.

"पाणी शिरलंय."

"कुठून?"

"सीलं तर धड हायती. कोणी ओतलं असंल तर तुमचं तुमी बघा."

काळुरामला एवढं पुरे होतं. ट्रॅक्टर चालवायचा कान्हू, बायकोचा, हौसाचा भाऊ. ट्रॅक्टरच्या खोपीत ये-जा त्याचीच. काळुरामनं नवं तेल भरून घेतलं, खोपीला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि जेवताना कान्हूकडे असा बघू लागला की त्याला घास गिळेना. आठवडाभरानं उघडून पाहिलं. तेल पांढरं.

"भावोजी, किल्ली तुमच्या कमरेला हाय."

"दुसरी करून घेतली असशील. धाटावला कंपनीत जायचंय ना? ट्रॅक्टर बंद पडला की तू सुटलास."

कान्हूनं पिशवी उचलली आणि तो चालू लागला. हौसा उंबऱ्यात उभी होती.

"आळ खरा निघाला तर मी त्याचं तोंड बघनार नाय," ती म्हणाली. "खोटा निघाला तर तुमचं."

पौर्णिमेला भर दुपारी, हौसा धुणं घेऊन गेल्यावर, काळुराम एकटाच खोपीत शिरला. या खेपेला तेल आपल्या हातानं बदलायचं, म्हणजे मध्ये दुसरा कोणी नको. त्यानं नट सोडला. पांढरं तेल घमेल्यात पडलं, थेंबांवर आलं, थांबलं. भोक पुसायला तो वाकला तेव्हा वास आला. डिझेलचा नव्हे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा.

मागे लोखंड करकरलं.

नांगर जमिनीपासून बोटभर वर होता. इंजिन थंडगार. तेलाची टाकी रिकामी. नांगर गुडघ्याएवढा चढला. मग कमरेएवढा.

भोकातून पाणी येऊ लागलं. नितळ. घमेलं भरलं, बादली भरली, पावलं बुडाली. त्यानं बोट चाटलं. खारट.

त्यानं भोकावर अंगठा दाबला.

आतून कोणीतरी अंगठा ढकलत होतं. थांबत होतं. पुन्हा ढकलत होतं.

मग ओढू लागलं.

त्यानं हात हिसडून घेतला. नांगर अलगद खाली टेकला. जमीन कोरडी होती. घमेल्यात मघाचं तेल तेवढं. त्याच्या पोटऱ्यांवर मात्र मिठाची पांढरी रेघ होती. पौर्णिमा-अमावास्येला खाडीत भरती उतरायला लागायची ती याच वेळेला.

कान्हूला परत आणायला हवं होतं. पण आणायचं म्हणजे आळ खोटा होता हे हौसाला सांगायचं. काळुरामनं रेघ धोतरानं पुसली, नवं तेल भरलं आणि रोह्याकडच्या एका गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं.

"हायड्रोलिकचं तेल कालच बदललंय," तो म्हणाला. "पायजे तर काढून बघा."

आपण हसतोय, हे त्याला तेव्हा जाणवलं.

ट्रॅक्टर गेला. "तुझ्या भावाच्या करणीपायी विकावा लागला," त्यानं हौसाला सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. भावाचं नाव टाकलं.

अमावास्येच्या दुपारी ती पापड तळायला बसली. कढईत तेल टाकलं तसं ते तडतडून अंगावर उडालं. तिनं बाटली उजेडात धरली. तेल ताकासारखं पांढरं.

"बाटली कालच आनलीय," ती म्हणाली. "घरात तुमी नि मी."

ती बघत होती ती काळुरामकडे. जेवताना कान्हूकडे तो बघायचा, तशी. तिच्या हातातल्या बाटलीत पांढरं तेल हळूहळू गळ्यापर्यंत चढत होतं.